आयएसओ उतरवली, डीव्हीडी बर्न केली. ती शाबूत आहे हे कशाने तपासावं?

इन्स्टॉलेशन निम्म्यावर येतं आणि एखादं पॅकेज वाचता येत नाही म्हणून अडतं. मग बोल नव्या सिस्टीमला लावला जातो. पण दोष आधीपासूनच तीनपैकी एका जागी असू शकतो: उतरवलेल्या आयएसओ फाइलमध्ये (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, हिलाच इमेजही म्हणतात), बर्न झालेल्या डिस्कवर, किंवा ती वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये. या तिन्ही जागा तपासणारं एकच साधन नाही. म्हणून इथे एकेका साधनाची पारख केली आहे, ते काय पकडतं आणि काय सोडून देतं या कसोटीवर. लिनक्सवरच्या साध्या कमांड, के३बी हा लिनक्सवरचा बर्न करायचा प्रोग्राम, विंडोजमधला अंगभूत बर्नर, इमजीबर्न हा विंडोजवरचा वेगळा प्रोग्राम आणि डिस्कच्या बूट मेनूतली तपासणी, अशी ही पाच साधनं आहेत आणि सगळी फुकट मिळतात. उदाहरण डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉल डिस्कचं घेतलं आहे, कारण तिथे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, यालाच हॅशही म्हणतात) आणि डिजिटल सही दोन्ही आयएसओच्या शेजारीच ठेवलेली असतात. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची.

निकाल आधीच सांगतो. लिनक्स असेल तर एसएचए२५६सम (चेकसम काढणारी), जीपीजी (सही तपासणारी) आणि सीएमपी (दोन फाइली बाइट-बाइट ताडणारी) या तीन कमांडना तोड नाही. खिडक्या-बटणांची सवय असेल तर के३बी घ्या. विंडोजवर इमजीबर्न आजही सर्वांत सरस आहे, आणि विंडोजचा स्वतःचा बर्नर कामचलाऊ आहे. बूट मेनूतली तपासणी या कशाचीही जागा घेऊ शकत नाही, पण ती टाळूही नये.

उतरवलेली फाइल

चेकसम काढण्याआधी फाइलचा आकार बाइटमध्ये बघा. फाइल जेमतेम काही केबींची असेल तर ती आयएसओ नसून एखादं एरर पान किंवा वायफायचं लॉगिन पान त्या नावाने सेव्ह झालं आहे. फाइल बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाइटला थांबली असेल तर जिथे ती सेव्ह केली तो पेनड्राइव्ह किंवा पार्टिशन फॅट३२ आहे. एका फाइलला त्याहून जास्त जागा फॅट३२ देतच नाही. अशा वेळी पुन्हा डाउनलोड केलं तरी पुन्हा तिथेच अडेल. आधी जागा बदला.

आकार बरोबर असेल तर एसएचए२५६सम. डेबियनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये एसएचए२५६सम्स नावाची छोटी फाइल असते. ती आयएसओच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एसएचए२५६सम ही कमांड 'डॅश सी' आणि 'डॅश डॅश इग्नोर-मिसिंग' या दोन पर्यायांसह त्या यादीवर चालवा. दुसरा पर्याय विसरू नका. यादीत त्या फोल्डरमधल्या सगळ्याच इमेजची नावं असतात. तुमच्याकडे त्यातली एकच असते. पर्याय न दिल्यास बाकीच्या प्रत्येक नावापुढे 'फाइल सापडली नाही' अशी ओळ येते, आणि त्या गर्दीत आपली 'ओके'ची ओळ हरवून जाते. कोअरयुटिल्स या लिनक्सच्या मूळ कमांडच्या संचाच्या ८.२५ या २०१६ च्या आवृत्तीपासून हा पर्याय आहे. आणखी एक बारीक गोष्ट: ब्राउझरने फाइलच्या नावात कंसात १ घातला असेल तर यादीतल्या नावाशी ते जुळत नाही आणि तपासणीच होत नाही. नाव मूळचं ठेवा.

चौसष्ट अक्षरं डोळ्यांनी ताडून बघण्याच्या फंदात पडू नका. पहिली चार आणि शेवटची चार बघून मान डोलावणं हा सर्रास होणारा प्रकार आहे. अपघाताने बिघडलेल्या फाइलचा हॅश पूर्णच बदलतो, त्यामुळे तिथे ते खपूनही जाईल. पण कुणी मुद्दाम फेरफार केला असेल तर असल्या तपासणीला अर्थ नाही. जुळवणी कमांडलाच करू द्या.

विंडोजवर पॉवरशेलमधलं गेट-फाइलहॅश उत्तम; पर्याय न देता ते एसएचए२५६च काढतं. जुन्या पद्धतीचं सर्टयुटिलही चालतं, मात्र त्याला 'हॅशफाइल' पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी अल्गोरिदमचं नाव द्यावं लागतं. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर राइट क्लिकच्या मेनूत सीआरसी-एसएचए असा भाग असतो, तोही पुरेसा. मॅकवर 'शासम'ला 'डॅश ए २५६' द्या.

हॅश जुळला नाही तर अख्खी फाइल पुन्हा ओढायची गरज बहुधा नसते. मोबाइलच्या डेटावर ३-४ जीबी दोनदा उतरवणं म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही वाया. डेबियन आणि उबुंटूसारखी लिनक्स टोरंट देतात. टोरंट क्लायंटमध्ये तीच इमेज जोडा, आपली बिघडलेली फाइल त्याच नावाने त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवा आणि 'रीचेक' म्हणा. टोरंटमध्ये फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा असतो. क्लायंट एकेक तुकडा तपासतो आणि फक्त बिघडलेले तुकडे आणतो. 'डब्ल्यूगेट डॅश सी' हे करू शकत नाही. ते फाइल जिथे संपली तिथून पुढे उतरवतं, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या फाइलला ते चालतं. मधल्या भागात झालेला बिघाड तसाच राहतो.

त्याच फाइलचा हॅश दर वेळी वेगळा येत असेल तर डाउनलोडला दोष देऊ नका. मशीनची रॅम, हार्ड डिस्कची केबल किंवा यूएसबीचा डबा संशयित आहे. रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवा. उलटही होऊ शकतं: एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये कॅश होते आणि दुसऱ्यांदा काढलेला हॅश डिस्कवरून येतच नाही. तोच चुकीचा आकडा दोनदा आला म्हणून तो खरा धरू नका. मशीन रीस्टार्ट करून मगच तिसऱ्यांदा काढा.

सही

हॅश जुळला म्हणजे फाइल यादीशी जुळली. यादी खरी आहे का, हा प्रश्न उरतोच. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर घुसखोरी झाली आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा बॅकडोअर (चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवला गेला. ज्याच्या हाती साइट गेली, त्याला पानावरचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार? म्हणून सही तपासायची.

डेबियनमध्ये यादीच्या शेजारी तिच्याच नावापुढे 'डॉट साइन' लावलेली फाइल असते. जीपीजीला 'डॅश डॅश व्हेरिफाय' देऊन आधी सहीची फाइल आणि मग यादी, याच क्रमाने नावं द्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीच्या इमेजवर २०११ मध्ये बनवलेल्या सीडी साइनिंग कीची सही असते. तिची बोटखूण (फिंगरप्रिंट, म्हणजे की ओळखण्याचा आकडा) डीएफ९बी ९सी४९ ईएए९ २९८४ ३२५८ ९डी७६ डीए८७ ई८०डी ६२९४ बीई९बी अशी आहे. ही की (किल्ली) त्याच डाउनलोड पानावरून घेऊ नका; आधीच डेबियन चालू असलेलं मशीन हाताशी असेल तर तिथल्या डेबियन-कीरिंग पॅकेजमधून घ्या. तपासणीनंतर 'गुड सिग्नेचर' येतं आणि लगेच खाली 'ही की प्रमाणित नाही' असा इशारा येतो. तो पाहून अनेक जण थांबतात. या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की त्या कीवर तुम्ही किंवा तुमच्या विश्वासातल्या कुणी शिक्कामोर्तब केलेलं नाही. बोटखूण पूर्ण जुळली असेल तर पुढे जा. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र यादीही टाकून द्या आणि आयएसओही.

उबुंटूत सहीची फाइल 'डॉट जीपीजी' अशी वेगळी मिळते. फेडोरा या लिनक्समध्ये यादी आणि सही एकाच चेकसम फाइलमध्ये असतात. विंडोज १० आणि ११ च्या डाउनलोड पानावर मायक्रोसॉफ्ट एसएचए२५६ देतं, तेवढा तरी ताडून घ्या. कुठे केवळ एमडी५ दिलेला असेल तर तो अपघाती बिघाड पकडायला पुरतो, फसवणूक पकडायला नाही. एमडी५ मधल्या टकरी २००४ मध्येच दाखवल्या गेल्या, आणि एसएचए१ ची टक्कर २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने गूगलसोबत करून दाखवली.

बर्न करताना

इथे थोडक्यात. इमेज 'इमेज' म्हणूनच बर्न करा. डिस्क उघडल्यावर आत एकच डॉट आयएसओ फाइल दिसली तर ती नुसती कॉपी झाली आहे, त्यावरून बूट होणार नाही. डीव्हीडी-आर मध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, डीव्हीडी प्लस आर मध्ये ४,७०,०३,७२,९९२. फरक ६९ लाख बाइटांचा आहे, त्यामुळे काठोकाठ भरणारी इमेज एकात बसेल आणि दुसऱ्यात नाही. वेग ४एक्स ते ८एक्स ठेवा. अगदी १एक्सचा हट्ट नको; १६एक्सच्या कोऱ्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात. सीडी असेल तर लिहिण्याची पद्धत 'डिस्क ॲट वन्स' निवडा. कारण पुढे येतंच.

डिस्क परत वाचणं

या पायरीवर सर्वाधिक गोंधळ होतो आणि चांगल्या डिस्क कचऱ्यात जातात.

बर्न संपल्यावर आधी ट्रे बाहेर काढून पुन्हा आत ढकला. आधीचा वाचलेला मजकूर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कॅशमध्ये असेल तर तपासणी त्याचीच होईल, डिस्कची नाही. मग लिनक्समध्ये बरेच जण थेट एसएचए२५६सम ला डेव्ह-एसआर० (लिनक्समधलं डिस्क ड्राइव्हचं नाव) हे पूर्ण डिव्हाइस देतात. उत्तर जुळत नाही आणि डिस्क फेकली जाते. डिस्क मात्र चांगली असू शकते.

कारण समजून घ्या. डीव्हीडीवर एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि त्रुटी दुरुस्तीसाठी १६ सेक्टरांचा एक गठ्ठा, म्हणजे ३२ केबी, एकत्र बांधला जातो. समजा इमेज ६६,०६,१७,२१६ बाइटची आहे. म्हणजे ३,२२,५६७ सेक्टर झाले. ही संख्या १६ ने भागली जात नाही, म्हणून लिहिणारा प्रोग्राम शेवटी ९ रिकामे सेक्टर भरून ३,२२,५७६ करतो. डिव्हाइस इमेजपेक्षा १८,४३२ बाइटने मोठं झालं. एक बाइट जरी वाढला तरी हॅश पूर्ण बदलतो, इथे तर अठरा हजार वाढले.

म्हणून इमेजएवढेच बाइट वाचायचे. 'स्टॅट'ला 'डॅश सी' आणि टक्का-एस देऊन आयएसओचे बाइट काढा. मग 'हेड'ला 'डॅश सी' आणि तो आकडा देऊन डिव्हाइस वाचा आणि पाइपने एसएचए२५६सम कडे पाठवा. आलेला हॅश यादीतल्या हॅशशी जुळला की डिस्क बिनचूक.

मूळ फाइल हाताशी असेल तर सीएमपी आणखी उपयोगी. 'डॅश एन' आणि बाइटसंख्या द्या, मग फाइल आणि डिव्हाइस. काहीच न छापता कमांड संपली म्हणजे दोन्ही तंतोतंत सारखे. फरक असेल तर पहिला वेगळा बाइट कितवा ते ती सांगते. त्याला २०४८ ने भागलं की सेक्टर मिळतो. 'डॅश एन' विसरलात आणि 'आयएसओवर ईओएफ' असा संदेश आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ इमेज संपेपर्यंत सगळं जुळलं आणि डिस्कवर पुढे फक्त भर आहे. ही चांगली बातमी आहे, पण तिला अपयश समजणारे पुष्कळ.

सीडीची गोष्ट थोडी वेगळी. 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन रन-आउट सेक्टर पडतात, जे डेटा म्हणून वाचता येत नाहीत. लिनक्स कर्नल पुढचं आधीच वाचून ठेवायला जातो, त्या दोन सेक्टरांवर आपटतो आणि इनपुट-आउटपुट एरर देतो. कधीकधी त्यासोबत शेवटचे खरे सेक्टरही हातचे जातात. 'डिस्क ॲट वन्स'मध्ये हे सेक्टर नसतात. सीडी आधीच लिहून झाली असेल तर डीडी या ब्लॉक-ब्लॉक वाचून कॉपी करणाऱ्या कमांडला ब्लॉकचा आकार २०४८, काउंट म्हणून इमेजचे सेक्टर आणि 'आयफ्लॅग डायरेक्ट' द्या. मग आधीच वाचून ठेवणं टळतं.

एरर मध्येच कुठे आला तर मात्र डिस्क खरंच खराब आहे. डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये कर्नल जो सेक्टर छापतो तो ५१२ बाइटचा धरून असतो, म्हणून त्याला ४ ने भागा. एका थराच्या डिस्कवर लहान आकडा म्हणजे आतली बाजू, मोठा म्हणजे बाहेरची कड. कडेला आला तर आधी बोटांचे ठसे बघा. मऊ कोरड्या कापडाने आतून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नाही. तरीही एरर राहिला तर पुढची डिस्क कमी वेगाने लिहा.

हॅश जुळला तरी एक गोष्ट त्यातून कळत नाही. सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये डेटा २०४८ बाइटचा असतो आणि २७६ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी. ड्राइव्ह चुका गुपचूप दुरुस्त करून देतो. जुळलेला हॅश सांगतो की ही डिस्क आज, या ड्राइव्हमध्ये वाचता आली. काठावर पास झाली की उत्तम, हे सांगत नाही. अंदाज घ्यायचा तर डीडीला प्रगती दाखवायला सांगून वेग बघा. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ केबी. साधारण ड्राइव्ह आतून बाहेर जाताना वेग चढवत नेतो. तो मध्येच कोसळून १-२ एमबीवर घुटमळला तर तिथे ड्राइव्ह पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आहे. खोलात जायचं असेल तर क्यूपीएक्सटूल आहे. पाठिंबा असलेल्या मोजक्या ड्राइव्हवर ते डीव्हीडीच्या पीआय चुका (वाचताना दुरुस्त कराव्या लागणाऱ्या) मोजतं, आणि आठ गठ्ठ्यांमागे २८० ही मानकाची मर्यादा आहे. जपून ठेवायच्या डिस्कसाठीच हा खटाटोप करावा.

के३बी, इमजीबर्न, विंडोजचा बर्नर

के३बी मध्ये इमेज निवडताच चेकसम आपोआप काढला जातो, त्यामुळे बिघडलेली फाइल बर्न व्हायच्या आधीच लक्षात येते. 'लिहिलेला डेटा तपासा' या चौकोनात खूण केली की बर्ननंतर ट्रे फिरवून फक्त इमेजएवढाच भाग वाचला जातो. वरच्या जादा सेक्टरांच्या भानगडीत तुम्हाला पडावं लागत नाही. लॅपटॉपच्या बारीक ड्राइव्हचा ट्रे स्वतः आत येत नाही, तिथे तो हाताने ढकलायला सांगतो. संदेश येईपर्यंत समोरून उठू नका. उणीव एकच, पण महत्त्वाची: डेटा जुळला नाही तर कुठे जुळला नाही ते नीट सांगत नाही. ते हवं असेल तर पुन्हा सीएमपीकडे यावं लागतं.

इमजीबर्न याबाबतीत पुढे आहे. तपासणी हा त्यात स्वतंत्र मोड आहे, म्हणजे वर्षापूर्वीची डिस्कही आज मूळ इमेजशी ताडून बघता येते. फरक कुठल्या सेक्टरवर पडला ते लॉगमध्ये येतं, आणि शेवटी डिव्हाइस व इमेज दोघांचे एमडी५ शेजारी छापले जातात. लॉग जपून ठेवण्यासारखा असतो. त्रास आहे तो इन्स्टॉलरचा. २.५.८.० ही शेवटची आवृत्ती २०१३ ची, आणि तिच्या इन्स्टॉलरसोबत ओपनकँडी हा जाहिराती आणणारा भाग यायचा. बसवताना प्रत्येक पान वाचा, नको त्या खुणा काढा, आणि बसवण्याआधी इंटरनेट तोडलेलं बरं.

विंडोजचा अंगभूत बर्नर विंडोज ७ पासून आहे. आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा आणि बर्ननंतर तपासण्याची खूण स्वतः करा. पास की नापास एवढंच तो सांगतो. लॉग नाही, सेक्टर नाही, जुनी डिस्क तपासायची सोय नाही. एखादीच डिस्क करायची असेल तर ठीक.

बूट मेनूतली तपासणी

फेडोराच्या डिस्कमध्ये इमेजचा एमडी५ आयएसओच्या वर्णन-सेक्टरमधल्या मोकळ्या जागेत आधीच पेरलेला असतो, आणि बूट मेनूत 'मीडिया तपासून सुरू करा' हाच ठरलेला पर्याय असतो. उबुंटू २०.०४ पासून बूट होताना स्वतःच तपासतं. घाईघाईने कंट्रोल-सी दाबून ते थांबवू नका. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ही तपासणी मेनूतून निवडावी लागते, आणि ती डिस्कवरच्या एमडी५ यादीतल्या फाइलींपुरती असते.

या तपासणीचा मोठा गुण असा की ती ज्या मशीनवर इन्स्टॉल करायचं त्याच्याच ड्राइव्हवर होते. नव्या ड्राइव्हवर नीट वाचलेली डिस्क दहा वर्षांच्या लॅपटॉपची धूळभरली लेन्स वाचेलच असं नाही, आणि ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. मर्यादाही तितकीच स्पष्ट: हॅश डिस्कवरच असल्याने बनावट इमेज स्वतःला खरीच म्हणेल. सहीची तपासणी घरीच करून यायला हवी.

पेनड्राइव्हवर लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: डीडीने लिहिलं असेल तर सीएमपीची वरची पद्धत जशीच्या तशी चालते. रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामच्या आयएसओ मोडमध्ये फाइली सुट्या करून लिहिल्या जातात, त्यामुळे पूर्ण हॅश कधीच जुळणार नाही. तिथे डीडी मोड निवडा. आणि लिहिल्यानंतर तपासण्याआधी तो पेनड्राइव्ह विंडोजला लावू नका. विंडोज त्यावर स्वतःचा फोल्डर बनवू शकतं, आणि मग शाबूत पेनड्राइव्हही खराब ठरतो.

डिस्क ठेवून द्यायची असेल तर तिच्या पाकिटात बाइटसंख्या आणि पूर्ण हॅश लिहिलेली चिठ्ठी घाला. मूळ आयएसओ पुढे डिलीट झाली तरी 'हेड' आणि एसएचए२५६सम ला तेवढ्या दोनच गोष्टी लागतात.